नियमपुस्तिकेचे वाचक दोन असतात: पटावरचे खेळ छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पटावरचे खेळ तयार करणारे, छापणारे आणि बाहेरून आणून मराठी मुलखात विकणारे सर्व प्रकाशक व उत्पादक,

स. न. वि. वि.

हे पत्र खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या कागदाबद्दल आहे. तुमचे पट आता सुरेख येतात, पुठ्ठा वाकत नाही, लाकडी सोंगट्या हाताला छान लागतात, झाकणावरचं चित्र दुकानात लांबूनही ओळखू येतं. नियम मात्र अजून चतकोर पत्रकावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. नाहीतर तेही नाही: एक क्यूआर कोड आणि खाली ‘नियमांसाठी स्कॅन करा’. सगळं ठरलं, छपाईचे पैसे संपत आले आणि मग कुणाला तरी नियमांची आठवण झाली, असा तो कागद दिसतो.

आमचं म्हणणं थोडक्यात असं, की नियमपुस्तिकेचे वाचक दोन असतात. एक खोकं उघडून खेळ शिकायला बसलेला. तो पहिल्या ओळीपासून वाचतो, त्याला क्रम हवा, चित्र हवं, उदाहरण हवं. दुसरा डाव रंगात आल्यावर वाद मिटवायला पुस्तिका उघडणारा. त्याला एकच ओळ हवी असते, तीही लगेच, कारण बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. गेल्या शंभरेक वर्षांत नियमपुस्तिका कशा बदलत गेल्या ते पाहिलं, तर या दोघांपैकी एकाची सोय करताना दुसऱ्याचे हाल झाले, मग ते निस्तरताना पहिल्याचे, असंच बहुतेक वेळा घडलेलं दिसतं. हे बाहेर घडून गेलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला तो खर्च पुन्हा करायची गरज नाही.

जुन्या खेळांना पुस्तिका नव्हतीच. मोक्षपटाच्या चौकोनांत पाप-पुण्याची नावं लिहिलेली असत आणि कुठून कुठे चढायचं-उतरायचं ते शिडी आणि सापच सांगत. युरोपात पत्त्यांच्या खेळांचे नियम वेगळ्या पुस्तकांत येत. एडमंड हॉइलचं व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावरचं छोटं पुस्तक १७४२ मधलं. खोक्यात बंद करून खेळ विकायची पद्धत रुळली तेव्हा नियम झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले जाऊ लागले. जागा झाकणाएवढीच, म्हणून नियमही तेवढेच. बाकी सगळं घरातल्या मोठ्यांनी शिकवायचं. लहान खेळांना ते चालून गेलं. तरीही साप-शिडीत शंभरावर पोचायला नेमकं तेवढंच दान लागतं का, आणि जास्त पडलं तर सोंगटी जागेवर राहते की मागे येते, हा वाद घरोघरी आजही आहे.

तोंडी शिकवण्याने काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मोनोपॉली. पार्कर ब्रदर्सने तो १९३५ मध्ये बाजारात आणला (मूळ कल्पना लिझी मॅगी यांची, त्यांचं पेटंट १९०४ चं). त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की एखाद्या जागेवर आलेल्या खेळाडूला ती घ्यायची नसेल, तर बँकेने लगेच तिचा लिलाव करायचा, आणि नाही म्हणणाऱ्यालाही बोली लावता येते. हा नियम पाळणारं घर विरळाच. कारण तो ‘मालमत्ता खरेदी’ या मथळ्याच्या पोटात, पहिला परिच्छेद संपल्यावर येतो. वाचणाऱ्याला ‘जागेवर आलात तर विकत घेऊ शकता’ एवढं कळलं की तो पुढच्या मथळ्याकडे उडी मारतो. परिणाम काय, तर जागा पटावर फेऱ्या-फेऱ्या बेवारस पडून राहतात, कुणाचा रंगसंच पूर्ण होत नाही आणि खेळ संपता संपत नाही. त्यात फुकट पार्किंगच्या चौकोनात दंडाचे पैसे साठवायचे आणि तिथे येणाऱ्याने ते उचलायचे, हा नियमांत कुठेच नसलेला रिवाज. त्याने बुडणाऱ्याला पुन्हा पुन्हा पैसा मिळतो आणि खेळ आणखी लांबतो. खोक्यात ३२ घरं आणि १२ हॉटेलंच असतात, ती संपली की नवी मिळत नाहीत, ही टंचाई म्हणजे डावपेचाचा भाग आहे. तिथे लोक काडेपेटीच्या काड्या घरं म्हणून वापरतात. ‘मोनोपॉली फार लांबते’ ही तक्रार जितकी खेळाची आहे, तितकीच नियमांच्या मांडणीची आहे. महत्त्वाचा नियम आणि किरकोळ नियम एकाच टायपात, एकाच लांबीच्या परिच्छेदात छापले, की वाचणारा स्वतःच ठरवतो कोणता गाळायचा.

याच्या अगदी उलट टोक अमेरिकेतल्या युद्धखेळांचं, म्हणजे पटावर लढाया लढायच्या खेळांचं. चार्ल्स रॉबर्ट्स यांचा टॅक्टिक्स १९५४ चा, पुढे त्यांच्याच ॲव्हलॉन हिल कंपनीचा गेटिसबर्ग १९५८ चा. हे खेळ वाढत गेले तसे नियमही वाढले, आणि वादही. लोक कंपनीला पत्रं लिहीत. कंपनी सांगे, प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असा विचारा आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवा. १९६९ मध्ये जिम डनिगन यांनी सुरू केलेल्या एसपीआय या युद्धखेळांच्या कंपनीने मग कायद्याच्या पुस्तकासारखे क्रमांक रूढ केले: ७.०, त्याखाली ७.१, त्याखाली ७.११. वाद घालणाऱ्याची चंगळ झाली, ‘७.११ बघ’ म्हटलं की काम झालं. नव्याने शिकणारा मात्र तिसऱ्या पानावर झोपला.

पुढचा सगळा हेलकावा एकाच खेळात दिसतो. १९७७ मध्ये जॉन हिल यांचा स्क्वॉड लीडर आला. त्याचे नियम टप्प्याटप्प्याने शिकवलेले होते: पहिला भाग वाचा, पहिली लढाई खेळा, दुसरा भाग वाचा, पुढची लढाई खेळा. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली पद्धत नाही. पण मग पुरवण्या येत गेल्या, प्रत्येक पुरवणीने जुन्या नियमांत भर घातली, काही बदलले, आणि एका रणगाड्याबद्दल सगळं शोधायला तीन-चार पुस्तिका चाळाव्या लागू लागल्या. म्हणून १९८५ मध्ये ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर काढताना सगळं मोडून विषयवार लावलं: अ मध्ये पायदळ, ब मध्ये भूभाग, क मध्ये तोफा, ड मध्ये वाहनं. पुस्तिका शिवलेली नव्हती, कड्यांच्या फाइलमध्ये सुटी पानं होती, म्हणजे दुरुस्ती आली की जुनं पान काढून नवं घालता येई. शोधणाऱ्यासाठी उत्तम सोय. शिकणाऱ्यासाठी अख्खी फाइलच समोर. शेवटी २००४ मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, मल्टी-मॅन पब्लिशिंगने त्याच खेळाचा ‘स्टार्टर किट’ काढला, थोड्या पानांच्या पुस्तिकेसह. वर्तुळ पूर्ण.

जर्मनीत वाट वेगळी होती, आणि आमच्या मते तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त तिथेच सापडेल. तिथला ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो आणि परीक्षक खेळाच्या कल्पनेइतकंच नियमांची मांडणी स्पष्ट आणि समजण्यासारखी आहे का, हेही बघतात. प्रकाशकाला नियम नीट लिहिण्यात धंद्याचाही फायदा दिसला. कटान या खेळात (१९९५) शिकणाऱ्यासाठी पट कसा मांडायचा याचं तयार चित्र, थोडक्यात नियम, आणि वेगळा अकारविल्हे कोश, ज्यात ‘चोर’, ‘बंदर’, ‘रस्ता’ असं एकेक शब्द घेऊन बारकावे दिलेले. दोन्ही वाचक सांभाळले. आलेया या मालिकेतल्या खेळांच्या (प्रिन्सेस ऑफ फ्लॉरेन्स, प्वेर्तो रिको) पुस्तिकांत पानाच्या कडेला एक अरुंद रकाना असे आणि त्यात शेजारच्या परिच्छेदाचा दोन ओळींत सारांश. सहा महिन्यांनी खेळ पुन्हा काढला की फक्त तो रकाना वाचायचा, पाच मिनिटांत सगळं आठवतं. याला फारसा जादा कागद लागत नाही, फक्त समास थोडा रुंद लागतो. इतकी स्वस्त युक्ती अजून सगळीकडे दिसत नाही, याचं नवल वाटतं.

पत्त्यांवरच मजकूर छापणाऱ्या खेळांनी तिसरी अडचण आणली. कॉस्मिक एन्काउंटर (१९७७) आणि नंतर मॅजिक: द गॅदरिंग (१९९३) यांत अनेक पत्ते मूळ नियम मोडतात, म्हणून ‘पत्ता आणि पुस्तिका यांत विरोध आला तर पत्त्याचं खरं’ हा नियम आधी सांगावा लागतो. मॅजिकचे संपूर्ण नियम आज दोनशेहून अधिक पानांचे आहेत, आणि नवशिक्याला ते कुणी वाचायला सांगत नाही. तुमच्या खेळात ‘संधी’ किंवा ‘नशीब’ असे दहा पत्ते जरी असले, तरी ती एक ओळ पहिल्या पानावर टाका.

गेल्या दशकात फँटसी फ्लाइट या अमेरिकी प्रकाशकाने सरळ दोन पुस्तिका दिल्या, एक ‘खेळायला शिका’ आणि एक ‘नियमकोश’. इंपीरियल असॉल्ट (२०१४) च्या खोक्यात तर चार निघतात. कल्पना बरोबर, पण एक खोड आहे. काही नियम पहिल्या पुस्तिकेतच राहून जातात, काही दुसरीतच, आणि शोधणारा दोन्हीकडे बोटं घालून बसतो. हा मार्ग घेणार असाल तर कोशात एकूण एक नियम हवा, शिकवण्याच्या पुस्तिकेत आलेला असला तरी पुन्हा हवा, आणि दोघांत फरक निघाला तर कोश खरा, हे छापलेलं हवं. पँडेमिक लेगसी (२०१५) ने पुस्तिकेत मुद्दाम रिकाम्या जागा सोडल्या, खेळ पुढे सरकेल तसे तिथे नियमांचे स्टिकर चिकटवायचे. जॉज ऑफ द लायन (२०२०) पहिल्या पाच प्रसंगांत मिळून खेळ शिकवतो. फ्रीडमान फ्रीझे यांच्या फास्ट फॉरवर्ड मालिकेत (२०१७) पुस्तिकाच नाही, गड्डी उघडा आणि पत्ते सांगतील तसं करत जा. गमतीची कल्पना आहे. छोट्या खेळांना जमते.

आता तुमच्या क्यूआर कोडबद्दल. व्हिडिओने खेळ फार चांगला शिकवता येतो, यात वाद नाही. पण तो पहिल्या वाचकासाठी आहे. चौदा मिनिटांच्या व्हिडिओत ‘दोघांना सारखे गुण असतील तर’ कुठे आलंय ते शोधताना डाव थंड होतो. चूक निघाली तर व्हिडिओ पुन्हा करावा लागतो. आणि संकेतस्थळाचं नूतनीकरण राहिलं की त्या दिवसापासून विकलेलं प्रत्येक खोकं बिननियमाचं. व्हिडिओ जरूर करा, पण छापील नियमांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नको. कोड स्वतःच्या पानाकडे न्या, जिथे छापील पुस्तिकेची पीडीएफही असेल.

मराठी नियमांची खरी दुखणी वेगळीच आहेत. लुडोच्या पत्रकांत सापडते तशी ही ओळ घ्या: ‘सहा पडल्यास सोंगटी बाहेर काढावी व पुन्हा फासा टाकावा. तीन वेळा सहा पडल्यास डाव बाद.’ सोंगटी बाहेर काढायलाच हवी, की पटावरची पुढे नेली तर चालेल? तीन वेळा म्हणजे सलग, की अख्ख्या खेळात? बाद काय झालं: तिसरं दान, ती पाळी, की खेळाडूच? पहिल्या दोन सहांच्या चाली मागे घ्यायच्या? दोन वाक्यांत चार भांडणं. हेच असं लिहिता येतं:

४.१ तुमच्या पाळीला फासा टाका.
४.२ सहा पडले, तर दोनपैकी एक करा: घरातली एक सोंगटी तुमच्या रंगाच्या पहिल्या चौकोनावर ठेवा, किंवा पटावरची एक सोंगटी सहा चौकोन पुढे न्या.
४.३ सहाची चाल झाल्यावर पुन्हा फासा टाका.
४.४ एकाच पाळीत सलग तिसऱ्यांदा सहा पडले, तर त्या दानाची चाल करू नका. पाळी संपली. आधीच्या दोन चाली तशाच राहतात.

तुमच्या लुडोत नियम निराळा असेल तर निराळा लिहा, पण एकच अर्थ निघेल असा लिहा. ‘काढावी, टाकावा, घ्यावे’ ही रूपं पूर्ण हद्दपार करा, कारण त्यांतून सक्ती आहे की मुभा ते कळत नाही. सक्तीला ‘करा’, मुभेला ‘करू शकता’, बंदीला ‘करू नका’, एवढी तीनच रूपं सगळीकडे. ‘खेळाडूने… त्याने’ यापेक्षा सरळ ‘तुम्ही’ म्हणा. वाक्य लहान होतं आणि ‘त्याने’ म्हणजे नक्की कोणी, हा घोळ राहत नाही. इंग्रजी पुस्तिकांनीही हा बदल केला आहे. एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव: पटावरचा तो चौकोन, कोपऱ्यातलं ते घर, मधला तो मुक्काम, एकाची वेळ ती पाळी, सगळ्यांची एकेक पाळी झाली की फेरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळ. ‘डाव’ हा शब्द पाळी, फेरी आणि खेळ या तिन्हींसाठी चालतो, म्हणून नियमांत तो नकोच. आकड्यांच्या सीमा तपासा. कटानमध्ये सात पडल्यावर ज्यांच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्यांनी निम्मे टाकायचे, आणि विषम असतील तर खालचा आकडा, म्हणजे नवांतले चार. ‘सात किंवा जास्त’ असं चुकून छापलं गेलं, तर खेळ बदलतो आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत बदललेलाच राहतो.

मांडणीचं बोलू. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात, त्यामुळे मजकूर नऊ पानांचा झाला तर तो आठांत कोंबायचा मोह होतो. बारा करा, उरलेल्या जागेत उदाहरणं टाका. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींत अंतर जास्त लागतं. इंग्रजी चार पानांत बसलं म्हणून मराठीही तेवढ्यातच बसवायला गेलात, की अक्षर सात पॉइंटावर येतं आणि अनुस्वार दिसेनासे होतात. दहा पॉइंट अक्षर, चौदा-पंधरा पॉइंटांची ओळ, यापेक्षा खाली जाऊ नका. मजकूर फक्त काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर. गडद चित्रावर पांढरी अक्षरं दिली तर चार रंगांपैकी एक जरा सरकला तरी बारीक रेघा बुजतात. चकचकीत कागद दिव्याखाली चमकतो आणि पुस्तिका बहुधा दिव्याखालीच वाचली जाते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणून मुद्रितशोधन वर्डच्या फाइलवर झालेलं असलं तरी छापायला जाणारी पीडीएफ पुन्हा वाचलीच पाहिजे.

पहिल्या पानावर सामानाची यादी, चित्रासह आणि संख्येसह. कटानमध्ये जमिनीचे १९ षटकोन आणि १८ आकड्यांच्या चकत्या असतात. वाळवंटाच्या षटकोनावर चकती बसत नाही हे यादीजवळच सांगितलं नाही, तर ‘एक चकती हरवली’ असा फोन येणारच. जादा तुकडे घातले असतील तर तेही लिहा. मांडणीच्या चित्रात काय आधी, काय नंतर याचे क्रमांक द्या, आणि दोघं, तिघं, चौघं असताना काय बदलतं ते त्याच पानावर. शेवटचं पान बाहेरून दिसतं, ते जाहिरातीला देऊ नका. तिथे पाळीचा क्रम आणि गुणांचा तक्ता. खेळ कधी संपतो, कोण जिंकतं आणि बरोबरी झाली तर काय, हे सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, असं दोनदा लिहा.

छापण्याआधी दोन चाचण्या करा. पहिलीत खेळ कधीच न पाहिलेल्या तीन वेगवेगळ्या गटांना बंद खोकं द्या. खेळ बनवणाऱ्याने खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. फक्त टिपायचं, की कुठल्या ओळीला वाचणारा थांबला, कुठे मागचं पान उलटलं, कुठे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्याकडे बहुधा एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, म्हणून वाक्य ऐकूनही कळायला हवं. कंसात कंस आणि ‘खालील अट वगळता’ तिथे कोसळतं. अर्ध्या तासाच्या घरगुती खेळाला पहिली चाल पडायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर पुस्तिका पुन्हा लिहा. दुसरी चाचणी सहसा कुणी करत नाही. खेळ एकदा खेळलेल्या माणसाला वादाचे दहा प्रश्न द्या आणि पुस्तिकेतून उत्तराची ओळ बोटाने दाखवायला सांगा. प्रत्येकाला अर्धा मिनिट. जिथे बोट फिरत राहतं, तिथे मथळा नाही, किंवा नियम भलत्या मथळ्याखाली आहे.

आणि शेवटच्या पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक, महिना, वर्ष आणि दुरुस्त्या कुठे मिळतील त्याचा पत्ता. खोक्यावर किंमत, निर्मात्याचं नाव, पत्ता हे सगळं कायद्याने छापावंच लागतं, म्हणून ते चोख असतं. नियमांची आवृत्ती मात्र कुठेच नसते. मग दोन घरांत एकाच खेळाचे दोन नियम निघतात, दोघंही ‘छापलंय’ म्हणतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. जुन्या आवृत्तीत चूक सापडली तर शिल्लक खोक्यांत चिठ्ठी घाला, आणि त्या चिठ्ठीवर कोणत्या क्रमांकाचा नियम बदलला ते लिहा. अर्थात त्यासाठी नियमांना क्रमांक हवेत.

आपले,
नियम वाचून मगच खेळायला बसणारे